वाचकांचे प्रश्न : शिसेविरहित पेरोव्स्काइट आणि त्याचे पातळ थर

गेल्या अंकात पेरोव्स्काइट, म्हणजे एका विशिष्ट स्फटिकरचनेच्या पदार्थांवरील लेख प्रसिद्ध झाल्यानंतर विदर्भातील वाचकांनी बरीच पत्रे पाठविली. त्यांपैकी चार पत्रांची उत्तरे येथे देत आहोत. दुसऱ्या पत्राचे उत्तर मुद्दाम विस्ताराने दिले आहे, कारण ग्रामीण महाविद्यालयांतून तसेच प्रश्न वारंवार येतात आणि पदार्थाची निवड चुकल्यामुळे विद्यार्थ्यांचे अख्खे सत्र वाया जाते.

प्रश्न : माझ्या शेतात सौर पंप आहे. नव्या पेरोव्स्काइट सौर पॅनेलमध्ये शिसे असते, असे मुलाने वाचून दाखविले. आमच्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट होते. पॅनेल फुटले तर शिसे विहिरीत उतरेल काय? शिसे नसलेली पॅनेल मिळतात काय?
– एक शेतकरी, राळेगाव तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : प्रथम आपली काळजी दूर करतो. आपल्या पंपावरील पॅनेल सिलिकॉनचे आहे. त्यात पेरोव्स्काइट नाही. सिलिकॉनच्या पेशी एकमेकींना जोडणाऱ्या पट्ट्यांच्या डाखात थोडे शिसे बहुधा असते, परंतु ते धातूच्या रूपात, काच आणि प्लास्टिकच्या थरांमध्ये बंद असते. काच फुटल्यास पॅनेल धुऱ्यावर किंवा नाल्यात न टाकता ज्यांनी ते बसविले त्यांच्याकडे परत करावे, एवढी दक्षता पुरेशी आहे.

पेरोव्स्काइट पॅनेलबाबत आपण विचारलेली शंका मात्र रास्त आहे. त्यातील प्रकाश शोषणारा थर सुमारे अर्धा मायक्रोमीटर जाडीचा, म्हणजे केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागाइतका असतो. त्या पदार्थाची घनता आणि त्यातील शिशाचा वाटा लक्षात घेऊन हिशेब केला, तर एक चौरस मीटर पॅनेलमध्ये एक ग्रॅमहूनही कमी शिसे भरते. ट्रॅक्टरच्या बॅटरीत ते कित्येक किलो असते. तरीही निव्वळ वजनाची तुलना करून हा विषय संपवणे मला योग्य वाटत नाही, कारण पेरोव्स्काइट ओलाव्याने विघटित झाल्यावर जे लेड आयोडाइड उरते ते पाण्यात अंशतः विरघळते. एक लिटर पाण्यात साध्या तापमानाला त्याचे सुमारे पाऊण ग्रॅम विरघळू शकते. जे विरघळते ते झिरपते. म्हणूनच जगभर शिशाला पर्याय शोधला जात आहे. शिसेविरहित पेरोव्स्काइटची पॅनेल आज बाजारात नाहीत, त्यामुळे त्या नावाने कोणी काही विकण्यास आल्यास पैसे देऊ नयेत.

प्रश्न : मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी शिसेविरहित पेरोव्स्काइटचा पातळ थर करावयाचा आहे. कथिलाच्या पेरोव्स्काइटची कार्यक्षमता सर्वांत अधिक असल्याचे वाचल्यामुळे तोच निवडावा असे वाटते. आमच्या महाविद्यालयात साधा स्पिन कोटर (काच वेगाने फिरवून तिच्यावर द्रावणाचा थर पसरविणारे यंत्र), हॉट प्लेट, मफल फर्नेस (बंद विद्युत भट्टी) आणि यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोफोटोमीटर आहे. ग्लोव्ह बॉक्स (नायट्रोजनने भरलेली बंद पेटी) नाही. थर कसा करावा आणि तो चांगला झाला हे कसे ओळखावे?
– एक विद्यार्थिनी, दिग्रस, जि. यवतमाळ

उत्तर : आपल्याकडे ग्लोव्ह बॉक्स नसेल तर कथिलाचा पदार्थ घेऊ नये, बिस्मथचा घ्यावा. कारणे सविस्तर सांगतो, कारण मार्गदर्शकांपुढे आपल्याला ती मांडावी लागतील.

आपण ज्या पदार्थांविषयी वाचले त्यांत एक मोठा धन आयन, एक धातूचा आयन आणि तीन हॅलोजनचे (आयोडीन, ब्रोमीन यांसारख्या मूलद्रव्यांचे) आयन अशी रचना असते. २००९ साली जपानमध्ये मियासाका यांच्या गटाने शिशाचे असे पेरोव्स्काइट सौर पेशीत वापरून ३.८ टक्के कार्यक्षमता मिळविली. आज ती प्रयोगशाळेत २६ टक्क्यांपलीकडे गेली आहे. शिशाऐवजी त्याच गणातील कथील घालावे हा विचार साहजिक होता. २०१४ मध्ये ऑक्सफर्ड आणि अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील गटांनी कथिलाच्या पेशी सुमारे ६ टक्क्यांपर्यंत नेल्या आणि पुढे हा आकडा १४ टक्क्यांच्या वर गेला. शिवाय कथिलाच्या आयोडाइडांचा बँड गॅप (इलेक्ट्रॉन मोकळा करण्यास लागणारी किमान ऊर्जा) १.३ ते १.४ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास, म्हणजे सूर्यप्रकाशासाठी जवळजवळ आदर्श असतो. आपल्या वाचनात आलेले आकडे खरे आहेत. मात्र ते नायट्रोजनने भरलेल्या, ऑक्सिजन आणि पाण्याची वाफ दशलक्ष भागांत एका भागाच्या आसपास किंवा त्याहून कमी राखलेल्या पेटीत मिळालेले आहेत.

अशा पेरोव्स्काइटमध्ये धातूवर अधिक दोन एवढा भार असावा लागतो. शिसे त्या अवस्थेत सुखाने राहते. त्याला अधिक चारपर्यंत नेण्यासाठी प्रमाणित विभव सुमारे १.७ व्होल्ट आहे. कथिलासाठी तोच आकडा केवळ ०.१५ व्होल्ट आहे, त्यामुळे हवेतील ऑक्सिजनही कथिलाचे आणखी दोन इलेक्ट्रॉन सहज काढून घेतो. असे झाले की थरात रिक्त जागा आणि धन वाहक यांची बेसुमार गर्दी होते. पदार्थ अर्धवाहकासारखा न वागता धातूकडे झुकतो आणि प्रकाश पडला काय किंवा अंधार असला काय, प्रवाहात फारसा फरक उरत नाही. यावर उपाय म्हणून द्रावणात टिन फ्लुओराइड मिसळतात, परंतु त्यामुळे ऑक्सिडीकरण मंदावते, थांबत नाही. दुसरी अडचण स्फटिकीकरणाच्या वेगाची आहे. टिन आयोडाइड सेंद्रिय आयोडाइडशी इतक्या तत्परतेने संयोग पावते की थर एकसारखा पसरण्यापूर्वीच त्यात बेटे आणि छिद्रे तयार होतात. डायमिथाइल सल्फॉक्साइड हा द्रावक कथिलाशी तात्पुरता बंध जोडून हा वेग कमी करतो खरा, पण तापविताना तोच कथिलाचे ऑक्सिडीकरण करू शकतो, असेही नंतर दिसून आले. उघड्या हवेत केलेला कथिलाचा थर आपल्या डोळ्यांदेखत फिका पडत जाईल आणि आपण जे मोजाल ते पेरोव्स्काइटचे गुणधर्म नसून त्याच्या विघटनातून उरलेल्या मिश्रणाचे असतील. अशी मोजमापे प्रबंधात घालू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता बिस्मथकडे वळू. आवर्तसारणीत तो शिशाच्या लगतचा, ८३ क्रमांकाचा आहे, आणि त्याच्या अधिक तीन आयनाची इलेक्ट्रॉन-रचना शिशाच्या अधिक दोन आयनासारखीच असते. भाराचा प्रश्न असा सोडविला जातो, की शिशाच्या दोन आयनांच्या जागी एक चांदीचा आणि एक बिस्मथचा आयन बसवितात. दोन अधिक दोन काय किंवा एक अधिक तीन काय, बेरीज चारच येते. यातून सिझियम सिल्व्हर बिस्मथ ब्रोमाइड हे दुहेरी पेरोव्स्काइट मिळते. २०१६ मध्ये त्यावरील पहिले महत्त्वाचे शोधनिबंध आले. हा पदार्थ हवेत आणि उष्णतेत टिकतो. त्याची उणीवही आपण प्रबंधात आरंभीच नोंदवावी : त्याचा बँड गॅप सुमारे २ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आणि तोही अप्रत्यक्ष (प्रकाश शोषताना स्फटिकाच्या कंपनांचीही मदत लागणारा) असल्यामुळे तो सूर्यप्रकाशाचा बराच भाग शोषत नाही, आणि साध्या सौर पेशीत त्याची कार्यक्षमता बहुधा २ ते ३ टक्क्यांच्या पुढे जात नाही. आपल्याला विक्रम करावयाचा नाही. समजून घेता येईल असा थर करावयाचा आहे, आणि त्यासाठी हा पदार्थ उत्तम आहे.

एक मिलिलिटर डायमिथाइल सल्फॉक्साइडमध्ये ०.५ मोलर द्रावण करावयाचे असल्यास सिझियम ब्रोमाइड २१३ मिलिग्रॅम, सिल्व्हर ब्रोमाइड ९४ मिलिग्रॅम आणि बिस्मथ ब्रोमाइड २२४ मिलिग्रॅम घ्यावे. सिल्व्हर ब्रोमाइड हा जुन्या छायाचित्रणातील फिल्मचा पदार्थ असल्याने तो मंद प्रकाशात तोलावा आणि बाटलीला ॲल्युमिनियमचा कागद गुंडाळावा. बिस्मथ ब्रोमाइड हवेतील ओलावा खेचते आणि त्याचे ऑक्सिब्रोमाइड बनते. म्हणून त्याची बाटली डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषून घेणाऱ्या बंद पात्रात) ठेवावी आणि तोलण्याचे काम विनाविलंब उरकावे. मिश्रण सुमारे ७५ अंश सेल्सिअसला ढवळत ठेवल्यास हळूहळू स्वच्छ द्रावण मिळते. ०.५ मोलर ही जवळजवळ विद्राव्यतेची सीमा असल्यामुळे द्रावण थंड होताच त्यातून कण बाहेर पडू लागतात. धिरडे घालण्यापूर्वी तवा तापवावा लागतो, तशी येथे काचही आधी ७५ अंशांना तापवून घ्यावी लागते. द्रावण गरम आणि काच थंड असेल तर थर दाणेदार आणि दुधी होतो. बहुतेक नवख्यांचे थर येथेच बिघडतात, म्हणून हॉट प्लेटवरून काच उचलून स्पिन कोटरवर ठेवणे, द्रावण सोडणे आणि यंत्र सुरू करणे या हालचालींचा सराव कोऱ्या काचेवर आधी करावा.

काच प्रथम साबणाच्या पाण्याने, मग ऊर्ध्वपातित पाण्याने, ॲसिटोनने आणि आयसोप्रोपॅनॉलने धुवावी आणि मफल फर्नेसमध्ये ४५० अंशांपर्यंत तापवून थंड करावी. शुद्ध पाण्याचा थेंब काचेवर सपाट पसरला तर ती स्वच्छ आहे. तो गोल उभा राहिला तर पुन्हा धुवावी. मिनिटाला २००० ते ४००० फेऱ्यांच्या वेगाने अर्धा मिनिट फिरवून थर लगेच हॉट प्लेटवर न्यावा आणि २८० अंशांच्या आसपास पाच मिनिटे तापवावा. हे तापमान महत्त्वाचे आहे. २५० अंशांच्या खाली थर नारिंगी-पिवळा आणि देखणा दिसतो, परंतु त्यात चांदी न घेतलेले सिझियम बिस्मथ ब्रोमाइड शिल्लक राहते. हॉट प्लेटच्या पडद्यावरील आकड्यावर विसंबू नये. काचेच्या पृष्ठभागावर थर्मोकपल टेकवून खरे तापमान पाहावे. आपल्या भागात वीज कधी जाईल याचा भरवसा नसतो, तेव्हा तापविताना वीज गेलेले नमुने वेगळे काढून तशी नोंद करावी. ते चांगल्या नमुन्यांत मिसळल्यास पुढील सगळे आलेख संशयास्पद होतात.

हवेविषयी एक सूचना खास विदर्भासाठी. चैत्र-वैशाखात आपल्याकडील दुपारची हवा कमालीची कोरडी असते आणि हे काम करण्यास तोच काळ सर्वांत अनुकूल आहे. परंतु त्याच दिवसांत प्रयोगशाळेत कूलर सुरू असतो आणि कूलरच्या ओल्या ताट्यांतून येणारी हवा खोलीची आर्द्रता पावसाळ्याच्या बरोबरीला नेऊन ठेवते. डायमिथाइल सल्फॉक्साइड पाणी ओढणारा द्रावक असल्याने थर पांढुरका आणि छिद्रयुक्त होतो, आणि विद्यार्थी दोष मात्र रसायनांना देतात. थर करण्यापूर्वी बराच वेळ कूलर बंद ठेवावा, कूलरची गरज भासत नाही अशी पहाटेची वेळ निवडावी आणि भिंतीवर एक साधा आर्द्रतामापक लावून प्रत्येक नमुन्यासोबत त्याचा आकडा लिहावा. जुलै-ऑगस्टमध्ये स्पिन कोटर बंद पेटीत, सिलिका जेल ठेवून वापरावा. आर्द्रता आणि थराची प्रत यांचा संबंध नीट नोंदविला तर तोच आपल्या प्रकल्पाचा सर्वांत उपयुक्त भाग ठरू शकेल, कारण नायट्रोजनच्या पेटीत काम करणाऱ्यांना तो अनुभव येत नाही.

थर ओळखण्याची पहिली चाचणी आपल्याच स्पेक्ट्रोफोटोमीटरवर होते. शोषणाच्या आलेखात ४४० नॅनोमीटरच्या आसपास ठळक शिखर दिसले पाहिजे. ते या पदार्थाचे वैशिष्ट्य आहे. बँड गॅप ठरविण्यासाठी टाउक आलेख (शोषणाच्या मोजमापांवरून काढलेला) काढताना संक्रमण अप्रत्यक्ष आहे हे विसरू नये. प्रत्यक्ष संक्रमणाचे सूत्र लावल्यास बँड गॅप फुगलेला येतो. क्ष-किरण विवर्तनासाठी निवडक दोन-तीन नमुनेच मोठ्या केंद्रात पाठवावेत. तांब्याच्या क्ष-किरण नळीवर १५.७, २२.४ आणि ३१.८ अंशांच्या जवळ शिखरे मिळतील. ९ अंशांच्या आसपास शिखर दिसले तर चांदीविना राहिलेला भाग उरला आहे असे समजावे. नंतर थरावर थोड्या अंतराने कार्बन पेस्टचे दोन पट्टे ओढून अंधारात आणि निळ्या एलईडीच्या प्रकाशात प्रवाह मोजल्यास साधा प्रकाशसंवेदक तयार होतो. सिल्व्हर पेस्ट वापरू नये, कारण हॅलाइडांच्या सान्निध्यात चांदी गंजते.

शेवटी सुरक्षिततेविषयी. शिसे नाही म्हणजे धोका नाही, असे मानू नये. २०१६ मध्ये झेब्राफिश या माशांवर केलेल्या अभ्यासात कथिलाचे आयोडाइड शिशाच्या आयोडाइडापेक्षा तत्काळ अधिक घातक ठरले, कारण त्याच्या विघटनातून पाणी फार आम्ल होते. आपल्या पदार्थातील चांदीही जलचरांना अपायकारक आहे. डायमिथाइल सल्फॉक्साइड त्वचेतून स्वतः आत शिरते आणि विरघळलेले क्षारही सोबत नेते, तेव्हा हातमोजे अनिवार्य आहेत. पुस्तकांत याच कामासाठी सुचविलेले डायमिथाइल फॉर्मामाइड यकृताला आणि गर्भाला बाधक असल्याने ते धूर-कपाटाबाहेर उघडूसुद्धा नये. उरलेले द्रावण बेसिनमध्ये ओतू नये. ग्रामीण महाविद्यालयांचे सांडपाणी बहुधा शोषखड्ड्यात आणि तेथून जवळच्या विहिरींकडे जाते. उरलेले द्रावण चिठ्ठी लावलेल्या बाटलीत साठवावे.

प्रश्न : शिसेविरहित पेरोव्स्काइटची कार्यक्षमता इतकी कमी असेल तर त्याचा उपयोग काय?
– एक माध्यमिक शिक्षक, मेहकर तालुका, जि. बुलढाणा

उत्तर : सौर पॅनेल हे एकच उपकरण डोळ्यांपुढे ठेवल्यामुळे हा प्रश्न पडतो. १९९९ सालीच अमेरिकेतील आयबीएमच्या संशोधकांनी कथिलाच्या स्तरयुक्त पेरोव्स्काइटचा थर द्रावणातून करून त्यापासून ट्रान्झिस्टर बनविला होता. सौर पेशींची धावपळ सुरू होण्याच्या दहा वर्षे आधीचे हे काम शिसेविरहितच होते. धन वाहकांवर चालणारे स्वस्त पातळ थर इलेक्ट्रॉनिकीत दुर्मिळ असल्याने त्या दिशेने आजही जोमाने संशोधन चालू आहे. २०१७ मध्ये वर उल्लेखिलेल्या बिस्मथच्या दुहेरी पेरोव्स्काइटच्या स्फटिकांनी क्ष-किरण फार कमी मात्रेतही टिपून दाखविले. बिस्मथसारखे जड अणू क्ष-किरण चांगले शोषतात. याशिवाय घरातील एलईडीच्या प्रकाशावर वीज मिळवावयाची असेल तर १.९ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या जवळचा बँड गॅप सर्वांत योग्य ठरतो, आणि बिस्मथ व अँटिमनीचे पदार्थ नेमके त्याच्या आसपास येतात. सोयाबीनच्या किंवा कापसाच्या गोदामातील आर्द्रता मोजणाऱ्या, अत्यल्प वीज लागणाऱ्या संवेदकाला अशी पेशी पुरू शकेल.

प्रश्न : गॅस लायटरमध्ये ठिणगी पाडणारा खडा पेरोव्स्काइटचा असतो असे कळले. त्यातही शिसे असते काय? तंत्रनिकेतनातील विद्यार्थ्यांकडून शिसेविरहित पायझो (दाबल्यावर वीज निर्माण करणाऱ्या) पदार्थाचा थर करून घेता येईल काय?
– एक अधिव्याख्याता, वरोरा, जि. चंद्रपूर

उत्तर : होय. तो खडा बहुधा लेड झिर्कोनेट टायटॅनेटचा असतो आणि त्याच्या वजनाचा अर्ध्याहून अधिक भाग शिशाचा असतो. विद्युत-उपकरणांत वजनाच्या ०.१ टक्क्याहून अधिक शिसे असू नये, अशी मर्यादा युरोपीय संघाने २००६ पासून लागू केली, परंतु या सिरॅमिकला तोडीचा पर्याय नसल्याने त्याला सूट द्यावी लागली. २००४ मध्ये जपानी संशोधकांनी पोटॅशियम सोडियम नायोबेटवर आधारित, कण एका दिशेने रचलेले सिरॅमिक करून शिशाच्या पदार्थाशी बरोबरी साधता येते हे दाखविले आणि त्यानंतर या पदार्थाच्या पातळ थरांवर पुष्कळ काम झाले. तो थर करताना ६०० ते ७०० अंशांना पोटॅशियम आणि सोडियम उडून जातात, म्हणून ते द्रावणात आधीच अधिक घालावे लागतात. शिवाय नायोबियमचे अल्कॉक्साइड महाग असून ओलाव्याने तत्काळ बिघडते. तंत्रनिकेतनासाठी मी तो सुचविणार नाही.

त्याऐवजी बेरियम टायटॅनेट घ्यावे. मोबाइलमधील सिरॅमिक कपॅसिटरचे अतिपातळ थर मुख्यतः याच पदार्थाचे असतात. म्हणजे शिसेविरहित पेरोव्स्काइटचे पातळ थर फार पूर्वीपासून कारखान्यांतून तयार होत आहेत. बेरियम ॲसिटेट गरम ॲसेटिक आम्लात विरघळवून त्यात टायटॅनियमचे अल्कॉक्साइड मिसळावे, गाळून स्पिन कोटरवर थर द्यावा, प्रत्येक थर ३५० अंशांच्या आसपास सुकवावा आणि पाच-सहा थर झाल्यावर मफल फर्नेसमध्ये सुमारे ७५० अंशांना तापवावे. विरघळणारे बेरियम क्षार विषारी असल्याने तोलताना हातमोजे आणि मुखपट्टी वापरावी. साधी काच या तापमानाला टिकत नाही. प्लॅटिनम चढविलेले सिलिकॉन मिळाल्यास उत्तम, कारण त्याचा खालचा इलेक्ट्रोड तयारच असतो. ते परवडत नसेल तर ॲल्युमिनाच्या चकतीवर थर करून वरूनच एकमेकांत गुंफलेले दोन कंगव्यासारखे इलेक्ट्रोड ओढावेत आणि एलसीआर मीटरने धारकता मोजत नमुना १५० अंशांपर्यंत तापवावा. मोठ्या तुकड्यात १२० अंशांजवळ धारकतेचे टोकदार शिखर येते. पातळ थरात कण बारीक असल्यामुळे ते पसरट होते किंवा खालच्या तापमानाकडे सरकते, तेव्हा शिखर टोकदार आले नाही म्हणून थर टाकून देऊ नये.